केसपेपरातली मावशी

करी रोड, १६ जून २०२५

आकू,

पत्र फाडायचं असेल तर वाचून फाड. तुझा फोन लागत नाही, मेसेजला तीन वर्षं एकच टिक आहे. पत्ता धोंडूमामाकडून घेतला. कशाला हवा ते त्याला सांगितलं नाही.

काम आहे म्हणून लिहिते. स्वरांगी पाचवीत गेली. गेली म्हणजे शाळेने पुढे ढकलली. तिला वाचता येत नाही. सुटी अक्षरं ओळखते, पण शब्द झाला की अडकते. एकाच पानावर तोच शब्द तीनदा आला तर तिन्ही वेळा नव्याने चाचपडते. बारा आणि एकवीस तिला सारखेच वाटतात. आणि बोलत नाही. हजेरी घेताना बाईंनी नाव घेतलं की नुसती उभी राहते, 'हजर' म्हणत नाही. घरी कुणी अनोळखी बाई आली की आतल्या खोलीत कपाट आणि भिंतीमधल्या फटीत जाऊन उभी राहते, ती बाई जाईपर्यंत. पुरुष आला तर असं करत नाही. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

धनेशच्या ऑफिसातल्या एकाने गिरगावातल्या होमिओपॅथीच्या डॉक्टर सुचवल्या, डॉ. वैशाली राजाध्यक्ष. खोताच्या वाडीच्या तोंडाशी तळमजल्यावर दवाखाना आहे. साठीच्या आहेत, हळू बोलतात. पहिल्या भेटीला दीड तास घेतला. मला वाटलं होतं जीभ बघतील, गोळ्या देतील. त्यांनी विचारलं, ही पोटात असताना तुम्हाला काय खावंसं वाटायचं, तेव्हा घरात भांडणं होती का, हिला घाम कुठे येतो, झोपताना दिवा लागतो का. सगळं त्या केसपेपरवर लिहून घेत होत्या. माहेरच्या माणसांबद्दलही विचारलं. कुणाला लिहा-वाचायला त्रास होता का.

ते मला सांगता येईना. बाबा पेपर धरून बसायचे एवढं आठवतं, पण मोठ्याने आपणच वाचायचो आणि ते 'हं' म्हणायचे. शेवटची चार वर्षं ते तुझ्याकडे होते. त्यांना वाचता येत होतं का? एवढंच कळव.

डोक्याला कधी मार लागला होता का, हेही विचारलं. चौदा महिन्यांची असताना पडली होती असं मी सांगितलं. बाकीचं तुला माहीत आहे.

अनुजा


करी रोड, १२ जुलै

आकू,

तुझं कार्ड मिळालं. दोनदा वाचलं. दोनच ओळी होत्या म्हणून नाही. 'बाबांना वाचता येत नव्हतं, सही चित्रासारखी काढायचे, गोळ्या मी त्यांना रंगावरून ओळखायला शिकवल्या.' इतकी वर्षं मी त्यांच्या पोटची मुलगी होते आणि मला हे माहीत नव्हतं. गिरणीत पगाराच्या कागदावर ते काय समजून सही करत असतील कोण जाणे.

यापुढे काही विचारू नकोस असं तू लिहिलंस. विचारत नाही. पण सांगायचं आहे, आणि ते तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही.

तिसऱ्या भेटीला डॉक्टरांनी मला बाहेर बसवलं. आत स्वरू एकटी. पहिल्या दोन वेळा ती टेबलाखालच्या लादीकडे बघत बसली होती, म्हणून मला वाटलं पाच मिनिटांत हाक मारतील. पाऊण तास झाला. काचेतून दिसत होतं, डॉक्टर काही लिहीत नव्हत्या. त्यांनी रिकाम्या बाटल्या आणि बुचं तिच्यापुढे ठेवली होती आणि ती बुचं लावत होती. लावता लावता बोलत होती. माझी मुलगी इतकं बोलताना मी पहिल्यांदा पाहिली, आणि तेही काचेच्या पलीकडून, आवाज न येता.

मग मला आत बोलावलं. स्वरूला कंपाउंडरबाईकडे पाठवलं.

त्यांनी सांगितलं, हिला एक स्वप्न पडतं, नेहमीचंच. ग्यालरीत एक बाई उभी असते. तिला तोंड नसतं. ती हात पुढे करून म्हणते, ये, तुला घेते. स्वरूने डॉक्टरांना सांगितलं की ती माझी मावशी आहे. आणि कुठलीही बाई घरी आली की तिला वाटतं हीच ती असेल, कारण मावशी कशी दिसते ते तिला ठाऊक नाही.

तुला मी हे का लिहिते आहे? कारण ते स्वप्न तिने आपल्या मनाने रचलेलं नाही. आमच्या घरात तुझं नाव कुणी घेत नाही, पण मावशी रोज असते. सासूबाई तिला भरवताना म्हणायच्या, खा, नाहीतर मावशी येईल. पाहुण्यांना तिच्यासमोर सांगायच्या, मावशीच्या हातून पडली म्हणून पोर अशी मंद झाली. ती तीन वर्षांची असल्यापासून हे ऐकते आहे. मी तिथेच असायचे. पोळ्या लाटत असायचे.

डॉक्टरांनी पेन उचललं आणि विचारलं, "ही मावशी वारली का? मुलगी तिच्याबद्दल मेलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलते."

मी काय उत्तर दिलं ते आज लिहवत नाही.

अनुजा


करी रोड, २४ ऑगस्ट

आकू,

मी हो म्हणाले. मावशी वारली असं मी त्यांना सांगितलं आणि त्यांनी ते लिहून घेतलं.

का, ते विचारलंस तर मला नीट सांगता येणार नाही. त्या क्षणी ते सोपं होतं. तू जिवंत आहेस म्हटलं असतं तर त्यांनी पुढचा प्रश्न विचारला असता. कुठे असते, भेटता का, का भेटत नाही.

औषध चालू झालं. साबुदाण्यासारख्या गोळ्या, सकाळी चार, जिभेवर विरघळवायच्या, आधी अर्धा तास काही खायचं नाही. शिवाय रविवारी एक पुडी. स्वरू गोळ्या आवडीने खाते. झोप थोडी सुधारली असं मला वाटलं. पण डॉक्टरांनी पहिल्याच महिन्यात बजावलं होतं, वाचण्यासाठी नुसत्या माझ्यावर राहू नका, मोठ्या हॉस्पिटलात जाऊन मुलीची रीतसर तपासणी करून घ्या. आम्ही नंबर लावला होता. चार सकाळी गेल्या त्यात. कान, डोळे, मग वाचायला लावणं, लिहायला लावणं, ठोकळे जुळवणं.

मागच्या शनिवारी रिपोर्ट दिला. हुशारी वयाप्रमाणे, उलट थोडी जास्तच. वाचण्या-लिहिण्यातली आणि आकड्यांमधली अक्षमता. शाळेला दाखवायचं सर्टिफिकेट मिळेल, परीक्षेला जास्त वेळ, वाचून दाखवणारं माणूस. तिथल्या मॅडमना मी ते पडल्याचं सांगितलं आणि तेव्हाचे कागदही दाखवले. त्यांनी वाचून बाजूला ठेवले. म्हणाल्या, तेव्हाचा स्कॅन साफ आहे, त्याचा याच्याशी संबंध दिसत नाही, हे बहुतेक घराण्यातून येतं. मग मी बाबांचं सांगितलं. तू कार्डावर लिहिलेलं जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली, जणू याचीच वाट बघत होत्या.

म्हणजे पडल्याने काहीच झालं नव्हतं. त्या हॉस्पिटलच्या बाकावर बसून मी हे स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होते आणि मला हलकं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. जे घडलंच नाही त्याची शिक्षा तू जवळजवळ नऊ वर्षं भोगलीस. पाळणाघरातली नोकरी गेली तुझी. सासूबाई परळला स्वतः जाऊन त्या बाईंना सांगून आल्या होत्या, हिच्या हातात पोरं देऊ नका. मला ते दुसऱ्या दिवशी कळलं होतं.

रिपोर्ट घेऊन गिरगावला गेले. डॉक्टर खूश झाल्या. म्हणाल्या, आता भीतीकडे बघू, घरात मावशीचा एखादा फोटो असेल तर मुलीला दाखवा, चेहरा दिसला की निम्मी भीती जाईल. फोटो नाही म्हटलं. एकही नाही? त्यांनी असं विचारलं तेव्हा मला तुझे फोटो मोबाईलमधून एकेक करून काढून टाकल्याचं आठवलं. माझ्याच बोटाने, धनेश समोर बसलेला असताना.

मग मी सांगितलं की ती वारलेली नाही. कणकवलीजवळ राहते.

त्यांनी केसपेपर उलटून 'मावशी वारली' ही ओळ काढली. बाहेर तीन पेशंट होते. मग म्हणाल्या, "अनुजाताई, माझं औषध तुम्ही सांगता त्याच्यावर चालतं. मी दोन महिने एका मेलेल्या बाईची भीती घालवत होते. दीड तास दिलात मला. त्यातलं खरं किती होतं?"

त्यांनी ती ओळ खोडली आणि कागद माझ्याकडे फिरवला. रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

अनुजा


करी रोड, ५ ऑक्टोबर

आकू,

तू फोन केलास. मी ऑफिसात होते. दादरच्या त्या ऑफिसात आम्ही बाराजणी एका खोलीत बसतो, म्हणून जिन्यात गेले. तू म्हणालीस, "ताई, माझा मुलगा चार वर्षांचा आहे. मी त्याला अजून कडेवर घेत नाही. त्याचे बाबा घेतात. शेजारची घेते. मी बसले असेन तर मांडीवर येतो, पण उभी असताना मी त्याला उचलत नाही." आणि मग म्हणालीस, "तू पत्रात सगळं लिहितेस. ते मात्र अजून लिहिलं नाहीस."

लिहिते.

१९ ऑक्टोबर २०१६, बुधवार. मी डोकं दुखतं म्हणून लवकर घरी आले. चाळीतली आमची खोली, तिसरा मजला; तू तेव्हा आमच्याकडेच राहायचीस. तू स्वरूला माझ्याकडे देऊन दूध आणायला खाली गेलीस. सासूबाई शेजारी चंपाकाकूकडे होत्या. मी स्वरूला लोखंडी पलंगावर उभं करून झबलं घालत होते. फोन वाजला. धनेशचा होता. सकाळी आमचं भांडण झालं होतं आणि मला वाटलं, आता तो माफी मागेल. मी फोन घ्यायला वळले. दोन पावलं. मागे आवाज आला.

ती रडली नाही. डोळे उघडे होते आणि ती रडत नव्हती. मी तिला उचललं, हलवलं, हाक मारली. मग ती रडायला लागली आणि त्याबरोबर सासूबाई धावत आल्या. त्यांनी विचारलं, कुणाच्या हातून पडली?

मी म्हणाले, आकू...

एवढंच म्हणाले. पुढे काय म्हणणार होते ते मला आजही माहीत नाही. आकू दूध आणायला गेली आहे, असं म्हणणार होते का? मी स्वतःला कित्येकदा तसं सांगितलं आहे. पण तू दारात येऊन उभी राहिलीस आणि सासूबाईंनी तुला बोलायला सुरुवात केली, तेव्हा वाक्य पुरं करायला मला पुष्कळ वेळ होता. तू माझ्याकडे बघितलंस. तू एकोणीस वर्षांची होतीस. तुला वाटलं ताई आता बोलेल. मी स्वरूच्या डोक्यावर बर्फ धरला होता आणि मी बर्फाकडे बघत राहिले.

तू मुद्दाम गप्प राहिलीस हे मला माहीत आहे. माझं सासर होतं. मुलगी झाली म्हणून आधीच टोमणे चालले होते. दोन दिवसांत ताई खरं सांगेल, असं तुला वाटलं असणार. चौथ्या दिवशी धनेशने तुला गाडीत बसवून दिलं. मी दारापर्यंतसुद्धा आले नाही.

बाबांच्या बाराव्याला तू स्वयंपाकघरातून बाहेर आली नाहीस. मला बरं वाटलं होतं, तेही लिहून टाकते.

फोन ठेवताना तू सांगितलंस, जिथे खोटं बोललीस तिथेच खरं बोल, मी समोर असताना. ये. मी बोलेन. दिवाळीच्या सुट्टीत ये किंवा तुला जमेल तेव्हा ये. चाळ राहिली नाही, त्या जागी टॉवर झाला आणि आम्ही सतराव्या मजल्यावर आहोत. माणसं मात्र तीच आहेत.

अनुजा


करी रोड, ८ डिसेंबर

आकू,

तू तीन तास होतीस. चहा घेतलास, जेवायला थांबली नाहीस. तू काय पाहिलंस ते तुला माहीत आहे. तू गेल्यावर काय झालं ते सांगायचं आहे.

तू लिफ्टने खाली गेलीस आणि दार लावून मी आत आले. धनेश खिडकीशी उभा होता. म्हणाला, "तेव्हाच सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं असं वाटलं तुला?" मी म्हणाले, माहीत नाही. तो म्हणाला, "मलाही माहीत नाही." मग चप्पल घालून बाहेर गेला. दोन आठवडे आमचं बोलणं कामापुरतं आहे. त्याने तुझ्या नवऱ्याचा नंबर माझ्याकडून मागून घेतला, फोन केला की नाही ते मी विचारलेलं नाही.

सासूबाई सोफ्यावरच बसून होत्या. तुझ्या पाया पडायला वाकल्या तेव्हा तू त्यांना धरलंस, आणि मला वाटलं होतं त्यांना पश्चात्ताप झाला. तू गेल्यावर मी त्यांच्याजवळ बसले. म्हटलं, आई, तुमचाही दोष नाही, मीच तुम्हाला फसवलं. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माका त्याच दिवशी कळला होता. दुधाची पिशवी हातात घेवन इलेला चेडू पोराक पाडतला खयसून?"

मी विचारलं, दूध घेऊन आलेली पोर बाळाला पाडेल कशी हे कळत होतं, मग का? त्या म्हणाल्या, बहिणीला गावाला पाठवता येतं, सुनेला पाठवलं की पोरीची आई जाते. घर टिकायला हवं होतं. एवढं बोलून देवाला दिवा लावायला उठल्या. आता विचार कर. मी नऊ वर्षं त्यांच्यापासून लपवत होते आणि त्या माझ्यापासून लपवत होत्या की त्यांना माहीत आहे. मधल्या मधे पोरीला भरवताना दोघी मिळून तुला भूत करत होतो. त्यांना म्हातारपणी सोडून तर देता येत नाही. पण त्यांनी भरवलेला घास आता मला बघवत नाही.

आता स्वरूचं. तुला वाटलं असेल ती तुला भेटून बरी झाली. तू आलीस तेव्हा ती फटीत होती आणि तू तिला बोलावलं नाहीस. नुसती खोलीच्या दारात जमिनीवर बसलीस आणि तुझ्या मुलाचे फोटो बघत राहिलीस. पंधरा मिनिटांनी ती आपण होऊन बाहेर आली आणि तुझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. नाक, डोळे, कपाळ. इतकं टक लावून तिने कुणाकडे पाहिल्याचं मला आठवत नाही. मग मी बाहेरच्या खोलीत सगळ्यांसमोर बोलले, तेव्हा ती तुझ्या शेजारी होती. तिने सगळं ऐकलं. ते स्वप्न तेव्हापासून पडलेलं नाही.

तुला निघायची घाई होती म्हणून तिने तुझ्यासमोर विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी वेणी घालताना मला विचारलं, "तू मला पाडलंस तेव्हा मी रडले का?"

मी म्हणाले, नाही. आधी नाही रडलीस. मी फार घाबरले.

ती म्हणाली, "मग मावशीचं नाव का सांगितलंस?"

मी म्हणाले, घाबरले म्हणून.

तिने अर्धी वेणी माझ्या हातातून सोडवून घेतली आणि आजीकडे गेली. तेव्हापासून ती माझ्या हाताला धरत नाही. शाळेत सोडायला जाते तेव्हा पुलाचा जिना येतो, तिथे ती कठडा धरून एकटी उतरते, माझ्यापासून दोन पायऱ्या लांब. मी खिडकीजवळ असले तर ती त्या खोलीत येत नाही. सतरावा मजला आहे आकू. ती मला घाबरते.

मी गिरगावला जाऊन डॉक्टरांना सांगितलं. म्हटलं, हिच्यासाठी काही द्या, ही माझ्याकडे येत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पुडी बांधली नाही. म्हणाल्या, याला औषध देणार नाही. इतकी वर्षं ती अशा बाईला भीत होती जी तिथे नव्हतीच, तेव्हा ती भीती जाणार कशी? आता जिला भिते आहे ती रोज तिचा डबा भरते. तुम्ही फक्त तिथे राहा आणि घाई करू नका.

बसने परत येताना मला पहिल्यांदा कळलं की तुला काय वाटत असेल. आपल्याच माणसाने आपल्या हाताकडे बघून मागे सरकणं. मला तीन आठवडेही झाले नाहीत अजून.

मी माफी मागत नाही. त्या दिवशी मागितली आणि तू म्हणालीस, 'ऐकलं.' तेवढंच पुरेसं आहे, त्याहून जास्त मला नको.

शाळेतलं सांगते, तुला आवडेल. तिला आता बाई प्रश्न वाचून दाखवतात आणि ती तोंडी उत्तर देते. विज्ञानात वीसपैकी सतरा मिळाले. हजेरीला 'हजर' म्हणते, हळू म्हणते, पण म्हणते असं बाईंनी सांगितलं. गोळ्यांनी, हॉस्पिटलातल्या मॅडम वाचायला शिकवतात त्या वर्गाने की तुझा चेहरा बघून, मला ठरवता येत नाही. डॉक्टरांनाही नाही, त्यांनी तसं कबूल केलं.

आणि आज सकाळी पुलावर फार गर्दी होती. लोक खांद्याला खांदा लावून उतरत होते आणि तिला कठडा सापडेना. मी हात पुढे केला नाही. हात खाली सोडून उभी राहिले. तिने इकडेतिकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरलं. हात नाही, ओढणी. शेवटच्या पायरीवर सोडून दिलं आणि मागे न बघता शाळेच्या दारातून आत गेली.

ओढणी तिथे चुरगळली आहे. मी ती दिवसभर तशीच घातली.

अनुजा